टाय ठेवण्याचा इतिहास

दलित समाजाच्या सांस्कृतिक इतिहासाची साधने कोणती, हा प्रश्न आपल्या चर्चासत्रांतून वारंवार निघतो. पत्रके, नियतकालिकांच्या फायली, परिषदांचे वृत्तांत, जलशांच्या वह्या, आत्मकथने इथवर यादी येते आणि थांबते. घरातल्या वस्तूंपर्यंत ती सहसा पोचत नाही. मी इथे एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूविषयी लिहिणार आहे. ती म्हणजे गळ्यातला टाय. तो घालण्याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मला त्याच्या काढून ठेवण्याविषयी बोलायचे आहे.

बाबासाहेबांच्या सूट-टायवर प्रस्थापित टीकाकारांनी जे तारे तोडले ते सर्वांना ठाऊक आहेत. गांधींनी १९२१ साली मदुराईत पंचा स्वीकारला, तो त्याग ठरला. बाबासाहेबांनी सूट घातला, ती साहेबी नक्कल ठरली. यावर आपल्या बाजूने दिले गेलेले उत्तरही आता सर्वपरिचित आहे: ज्याच्याकडे सोडण्यासारखे काही आहे त्यानेच त्याग करावा, ज्याला वस्त्रच नाकारले गेले त्याने ते अंगावर घालणे हाच विद्रोह. हे उत्तर बरोबरच आहे. (एका संस्थेत मुलाखतीला गेलो असता समितीतले एक गृहस्थ माझ्या गळ्याकडे पाहून ‘तुम्हा लोकांना टायची हौस फार’ असे म्हणाले होते. तेव्हा हे उत्तर अजून सर्वत्र पोचलेले नाही, एवढे नक्की.) पण टीका आणि उत्तर या दोहोंत एक गोष्ट समान आहे. दोन्ही टायकडे गळ्यातच पाहतात. टाय दिवसाचे आठ तास गळ्यात असतो. उरलेले सोळा तास तो कुठे असतो? कोणत्या घरात, कोणत्या खुंटीला, कोणाच्या हातांनी ठेवलेला? हा प्रश्न विचारला की चर्चा पोशाखावरून घरावर येते, आणि घर हाच आपल्या इतिहासाचा सर्वांत कमी लिहिला गेलेला भाग आहे.

धर्मशास्त्रकारांनी, असे म्हणावे लागेल, या प्रश्नाचा विचार आपल्याआधी केला होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने मृतांची वस्त्रे वापरावीत अशी आज्ञा आहे, आणि त्याच अध्यायात पुढे शूद्राला जीर्ण वस्त्रे द्यावीत असे सांगितले आहे. म्हणजे वापरून झालेल्या कपड्याचे पुढे काय करायचे, याची पक्की व्यवस्था लावलेली होती. कपड्याच्या आयुष्याच्या शेवटच्या टोकाला आपल्याला उभे केले होते. आपल्याकडील गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा महाराचा ‘हक्क’ मानला जाई. हक्क या शब्दाची इतकी क्रूर थट्टा दुसरीकडे क्वचितच झाली असेल.

जो कपडा आपल्याकडे येतानाच संपत आलेला असे, तो ठेवायचा कशाला आणि कुठे? अंगावर एक, आणि झालेच तर वाळत एक. आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलीत विटक्या-फाटक्या कापडाला शब्द किती आहेत पाहा: धडुते, पटकूर, लक्तर, चिंधी, बोतर, फडके. ठेवायच्या जागेला मात्र दोनच: दांडी आणि गाठोडे. भाषा खोटे बोलत नाही. घडी घालून ठेवलेला, वापराविना विश्रांती घेत असलेला दुसरा कपडा ही कल्पनाच त्या जगण्यात बसत नव्हती. ज्या शरीराला सुटी नव्हती त्यावरच्या कपड्यालाही ती नव्हती.

त्यातून कोणी चांगले वस्त्र मिळवलेच, तर त्यावर बंदी होती. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये इंदूर भागातील बलाई समाजावर लादलेले नियम दिले आहेत. १९२८ च्या जानेवारीत वृत्तपत्रात आलेल्या त्या नियमांत जरीकाठी पगडी बांधायची नाही आणि रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, असे स्पष्ट म्हटले होते. १९३० च्या डिसेंबरात तमिळ प्रदेशात रामनाडच्या कल्लरांनी आदिद्रविडांवर जे निर्बंध घातले त्यांत कोट, सदरा आणि बनियन यांची नावे घेऊन मनाई होती. पेशवाईतल्या पुण्यात गळ्यात मडके होते, आणि महाराष्ट्रात ओळख पटावी म्हणून मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा बांधण्याची सक्ती होती, हेही बाबासाहेबांनीच नोंदवले आहे. गळा ही जागा मोकळी कधीच नव्हती. तिथे काय बांधायचे हे दुसरेच ठरवीत.

नुसता चांगला कपडा घातल्याने जात जाते, असा भ्रम मात्र बाबासाहेबांना कधीच नव्हता. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधली १९०१ सालची मसूर स्थानकावरची हकिकत आठवावी. हे स्थानक आपल्या कोल्हापूर-पुणे लोहमार्गावरच आहे. गाडी तिथून जाते तेव्हा खिडकीतून पाहणारे विद्यार्थी मला अजून फारसे भेटलेले नाहीत. वडिलांकडे जायचे म्हणून भावंडांसाठी नवे विलायती सदरे, चमकदार टोप्या, नवे जोडे आणि रेशीमकाठी धोतरे शिवून-आणून घेतली होती. स्टेशनमास्तरने कपड्यांवरून मुले ब्राह्मणांची समजली. महार हा शब्द उच्चारला जाताच त्याचा चेहरा पालटला, आणि नव्या धोतरांतली ती मुले रात्रभर पाण्याविना राहिली. पुढे कोलंबिया आणि लंडन पाहून १९१७ साली बडोद्यात आलेल्या तरुणाला पारशी विश्रामगृहातून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले, तेव्हा त्याच्या अंगावरचा पोशाख परदेशातल्या शिकलेल्या माणसाचाच होता.

मग बदलले ते काय? कपड्याकडे पाहणाऱ्या सवर्णाची नजर बदलली नाही. कपडा ठेवणाऱ्या घराचा क्रम बदलला. हा बदल कसा आला याचे धागे शोधता येतात.

पहिला धागा पलटणीचा. सुभेदार रामजींच्या पिढीतल्या महार सैनिकांना गणवेश धुणे, घडी घालणे, बक्कल घासणे आणि तपासणीसाठी मांडून ठेवणे या गोष्टी शिस्त म्हणून शिकाव्या लागल्या. पत्र्याची ट्रंक, कुलपाची आणि आतून कागद लावलेली, अनेक घरांत पहिल्यांदा आली ती पेन्शनीत निघालेल्या शिपायाबरोबर. इंग्रज सरकारने १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली; पण ट्रंक घरात राहिली.

दुसरा धागा आमच्या कोल्हापूरचा. राजर्षी शाहू महाराजांनी १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह काढले. (मिस क्लार्क म्हणजे मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांची कन्या. हेच गृहस्थ पुढे लॉर्ड सिडनहॅम झाले, आणि बाबासाहेब १९१८ मध्ये ज्या महाविद्यालयात प्राध्यापक झाले ते त्यांच्याच नावाचे. इतिहासाच्या अशा गाठी आपण मोजत नाही.) वसतिगृह म्हणजे अन्न आणि अभ्यास एवढेच आपण समजतो. पण वसतिगृहातल्या मुलाला स्वतःच्या वस्तूंसाठी स्वतःची जागा मिळते, आणि ही गोष्ट शिक्षणाइतकीच नवी होती. १९१८ मध्ये महाराजांनी संस्थानातली महार वतने नष्ट केली, अस्पृश्य तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या, आणि मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत तरुण आंबेडकरांना या समाजाचा पुढारी म्हणून उभे केले. ज्याला कोर्टात उभे राहायचे त्याला कोट लागतो, आणि कोट आला की त्याला खुंटी लागते.

तिसरा धागा स्त्रियांचा, आणि माझ्या मते सर्वांत मोठा. गावातला परीट आपले कपडे धूत नसे, जसा न्हावी आपले डोके करीत नसे. म्हणजे धुण्याचे, वाळवण्याचे आणि इस्त्रीचे ज्ञान घरातच तयार करावे लागले. इस्त्री नव्हती तेव्हा पितळी तांब्यात निखारे भरून तो ओलसर कापडावर फिरवीत. तेही जमले नाही तर घडी घालून रात्रभर वाकळेखाली ठेवीत. सकाळी विजारीला धार आलेली असे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी बोलले ते प्रामुख्याने याच विषयावर. जातीची खूण सांगणारी नेसण्याची तऱ्हा सोडा, अंगभर लुगडे नेसा, गळ्या-हातातले ओझ्याचे दागिने टाका, कपडा फाटका असला तरी चालेल पण स्वच्छ ठेवा, असा त्या भाषणाचा आशय होता. जमलेल्या स्त्रियांनी नेसण्याची तऱ्हा लगेच बदलली. या प्रसंगाचा उल्लेख आपण नेहमी ‘पोशाखातील क्रांती’ असा करतो. तो ‘ठेवण्यातील क्रांती’ असाही करायला हरकत नाही, कारण स्वच्छतेचे सगळे काम त्या दिवसापासून त्याच स्त्रियांच्या अंगावर पडले.

रमाईंची ती गोष्ट गायन पार्ट्यांच्या तोंडून आपण सर्वांनी ऐकली आहे. सभेला जायला धड लुगडे नाही म्हणून शाहू महाराजांनी बाबासाहेबांना मानाने बांधलेला फेटा त्या नेसून गेल्या. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येते ते गरिबीमुळे. मला त्या गोष्टीत आणखी एक दिसते. फेटा तोवर कोणीतरी नीट ठेवलेला होता. परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत, माणसांच्या गर्दीत आणि चुलीच्या धुरात, एक मानाचे वस्त्र न कसरता न विटता राहिले होते, आणि ते कुठे ठेवले आहे हे घरातल्या एका बाईला ठाऊक होते. लोकांनी ही गोष्ट गाण्यात जपली, कारण तसे ठेवलेले एखादे वस्त्र त्यांच्याही घरात होते.

आता टायकडे येऊ. टायचा जन्म युरोपातला. सतराव्या शतकात फ्रान्सकडून लढणाऱ्या क्रोएशियन शिपायांच्या गळपट्ट्यापासून तो निघाला असे मानतात. आज आपण पाहतो तो लांब टाय मात्र १९२० च्या दशकातला. न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ या टाय शिवणाऱ्याने कापड सरळ न कापता तिरके, शिंपी ज्याला उरेब म्हणतात तसे, कापून तीन तुकडे जोडण्याची रीत काढली. तिरके कापड ताणले जाते आणि सोडले की पुन्हा जागेवर येते. आत लोकरीचे अस्तर असते आणि मागून एकच लांब, सैल टाका घातलेला असतो, जेणेकरून गाठीचा ताण त्यावरून सरकत जावा. टायची सगळी निगा या रचनेतून निघते. गाठ बांधली त्याच्या उलट क्रमाने ती सोडवायची. अरुंद टोक ओढून काढले तर आतला टाका तुटतो. काढल्यावर मधोमध दुमडून लटकवायचा, म्हणजे सुरकुत्या आपोआप उतरतात, आणि निदान एक दिवस त्याला पुन्हा घालायचा नाही. विणलेला टाय मात्र लटकवला तर लांबतो, तो सैल गुंडाळून ठेवायचा. रेशमावर इस्त्री थेट टेकवायची नाही; कडा चपट्या होतात आणि कापडावर चकाकी येते. वर ओलसर सुती फडके धरून वाफ तेवढी द्यावी. पाण्यात बुडवून धुवायचा तर नाहीच. अस्तर एकीकडे आटते, रेशीम दुसरीकडे.

कोल्हापुरात या नियमांत भर घालावी लागते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथे भिंतींना घाम सुटतो. रेशीम ओलावा धरते, त्यावर बुरशीचे पांढरे ठिपके येतात, आणि तेलकट बोटांचा किंवा रश्शाचा डाग राहिला असेल तर कसर नेमकी तिथेच लागते. तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावा. डांबरगोळ्या ठेवायच्या तर कापडाला लागू देऊ नयेत. नाहीतर कडुनिंबाचा वाळलेला पाला ट्रंकेत घालावा. पावसाने उघडीप दिली की ट्रंक उघडून सावलीत हवा द्यावी, उन्हात नव्हे. ऊन रेशमाचा रंग आणि ताकद दोन्ही खाते.

आमच्या वस्तीत मात्र टायची गाठ कधी सोडली जात नसे. माझ्या लहानपणी अख्ख्या गल्लीत एकच टाय होता, तपकिरी, रेल्वेत नोकरीला असलेल्या एका काकांचा. लग्न, फोटो, मुलाखत, पदवीदान, ज्याला लागेल त्याने न्यावा. गाठ बांधता येणारे फक्त काका, म्हणून ती तशीच ठेवायची. सैल करून डोक्यातून काढायची आणि खिळ्याला लावायची. काकू तो परत आला की मानेकडची बाजू ओल्या फडक्याने पुसत आणि कोणी नेला होता ते विचारून घेत. वर सांगितलेल्या सगळ्या नियमांचा हा भंग होता. गाठीपाशी रेशीम विरले, अस्तर बाहेर आले, शेवटी तो टायचा फास तेवढा उरला. तरीही त्या टायला ज्ञानाच्या विषम वाटपाचा पुरावा म्हणून मी कोणत्याही सरकारी आकडेवारीपेक्षा अधिक मानतो. वस्तू विकत मिळते; ती बांधायची कशी, सोडायची कशी, ठेवायची कशी हे मात्र दुकानात मिळत नाही. सवर्ण मध्यमवर्गीय मुलाला हे बापाच्या आरशात पाहून येते. आमच्यापैकी बहुतेकांना ते कोणी तरी एकदा दाखवले, आणि दाखवणाऱ्याचे नाव आम्हाला आजही आठवते.

आज परिस्थिती बदलली आहे. आता वस्तीत टाय पुष्कळ आहेत; इंग्रजी शाळेच्या गणवेशातले, तयार गाठीचे, मागे इलॅस्टिक लावलेले. ते धुतले जातात, दांडीवर वाळतात, वर्षभरात इलॅस्टिक ढिले पडते आणि पुढच्या जूनमध्ये नवे येतात. ज्याला बांधावे लागत नाही त्याला सोडवावेही लागत नाही. बौद्ध पद्धतीच्या लग्नांत नवरदेवाचा सूट पुष्कळदा भाड्याचा असतो, टायसकट. तो ठेवण्याचा प्रश्न दुकानदाराचा. आणि गावोगावच्या पुतळ्यांवर तर टाय कायमचा आहे. चौदा एप्रिलच्या आठवडाभर आधी तरुण मंडळे शिडी लावून त्याला रंगाचा नवा हात देतात. हीही निगाच. कोल्हापूरच्या बिंदू चौकात भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी, बाबासाहेब हयात असताना, त्यांचा पुतळा फुल्यांच्या पुतळ्यासह उभा राहिला, याचा आम्हा कोल्हापूरकरांना अभिमान आहे आणि तो असावा.

पण पुतळ्याचा टाय आणि ट्रंकेतला टाय यांत फरक आहे. स्वतः बाबासाहेबांनी टायला कधी देव्हाऱ्यात बसवले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला, आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, त्यांनी सूट बाजूला ठेवून पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट घातला. त्यांचे कपडे आज ज्या संग्रहांत आहेत ते पाहिले की हे माणूसपण जाणवते. नागपूरजवळच्या चिचोलीत, वामनराव गोडबोले यांच्या धडपडीतून उभ्या राहिलेल्या शांतिवनात, त्यांच्या वापरातल्या वस्तू आहेत. पुण्यात सिंबायोसिसच्या संग्रहालयात माईसाहेबांनी दिलेल्या वस्तू आहेत. त्या संस्थेचे संस्थापक आमच्या गडहिंग्लजचे. चिचोलीच्या कपड्यांची झीज मधल्या काळात चिंतेचा विषय झाली होती आणि त्यांवर शास्त्रीय प्रक्रिया करावी लागली. जुन्या वस्त्रांवर पन्नास लक्सहून अधिक प्रकाश पडू देऊ नये, असा संग्रहालयांचा संकेत आहे. म्हणजे जवळजवळ संध्याकाळचा उजेड. लाखो लोकांना दर्शन घ्यायचे आणि वस्त्राला अंधार हवा, हा पेच सोपा नाही. तो सोडवायला निधी लागतो, आणि आपल्याच मुलामुलींतून वस्त्रसंवर्धनाचे शिक्षण घेतलेली माणसे लागतात. पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्यांना मी हे दरवर्षी सांगतो. अजून एकही तिकडे गेलेला नाही. सगळ्यांना स्पर्धा परीक्षा द्यायच्या असतात, आणि त्यांच्या घरची स्थिती पाहता त्यांना दोष देववत नाही.

बाबासाहेबांच्या वस्तूंना निदान संग्रहालय आहे. पहिल्या पिढीतल्या पदवीधरांच्या वस्तूंना काय आहे? पहिला शिक्षक, पहिला वकील, पहिला तलाठी, पहिली परिचारिका यांचे कोट, टाय, पदव्यांच्या सुरळ्या आणि फोटो आज ट्रंकांत आहेत, आणि ट्रंका माळ्यावर किंवा खाटेखाली. माणूस गेला की वर्षभरात बोहारीण येते आणि एका पातेल्यावर सौदा होतो. २०१९ च्या आणि पुन्हा २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी सखल वस्त्यांत शिरले तेव्हा खाटेखालच्या ट्रंका पहिल्यांदा बुडाल्या. पाणी ओसरल्यावर घरोघरी चिखलाने माखलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्यावर आले आणि नगरपालिकांच्या गाड्या ते उचलून घेऊन गेल्या. त्यांत काय काय होते याची यादी कोणी केली नाही. पंचनाम्यात भिंती, भांडी आणि जनावरे येतात. पदवीदानाच्या दिवशी घातलेला टाय कोणत्या रकान्यात लिहायचा?

काही महाविद्यालयांतील मित्रांशी बोलून आम्ही एक साधे काम सुरू करण्याच्या विचारात आहोत. वस्तू गोळा करायच्या नाहीत. तेवढी जागा आणि अधिकार आमच्याकडे नाहीत. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरची ट्रंक उघडायची, ती माळ्यावर न्यायला लावायची, आत काय आहे ते वहीत लिहायचे. टाय असेल तर तो सपाट मांडायचा, पांढऱ्या सुती पट्टीवर पेन्सिलीने मजकूर लिहून ती पट्टी त्याच्या मागच्या बाजूला एका सैल टाक्याने अडकवायची. शाई नको, ती पसरते. पट्टीवर तीन गोष्टी लिहायच्या: टाय कोणाचा, कोणत्या प्रसंगी घातला, आणि तोवर कोणी ठेवला. तिसऱ्या रकान्यात, मी ज्या चार-सहा घरी विचारून पाहिले तिथे, आईचे, आजीचे किंवा वहिनीचे नाव आले.